मंदावहिनींनी वाण परत मागितलं

लग्नाच्या पंगतीत वाढपी मंदावहिनींसमोरून पळतच जायचे. भाजीचा पहिला घास घेतला की त्या हात वर करत आणि साऱ्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारत, "यात काय पडलं, बापा?" आचारी समोर येऊन उभा राहीपर्यंत दुसरा घास नाही. माझ्या चुलतबहिणीच्या लग्नात त्यांनी वांग्याच्या भाजीचा सगळा मसाला आचाऱ्याकडून वदवून घेतला आणि मग तीच भाजी तीनदा मागून घेतली. नवरदेवाकडच्या लोकांना वाटलं, सरकारी तपासणीच आली.

सिंदी मेघेत आमच्या घराला लागून त्यांचं घर, आणि घराच्या पुढच्या खोलीत किराणा दुकान. भाऊजी माल आणायला वर्ध्याला जात; गल्ल्यावर वहिनी. मिरे आले की आधी पाण्यात टाकून बघणार, तरंगले तर पोतं परत. पुडीवरचं नाव दाखवणाऱ्या एजंटाला त्या म्हणत, "पोटात नाव नाई जात, माल जाते." एजंट हसायचा आणि पुढच्या खेपेला चांगला माल आणायचा.

अशी ही बाई आयुष्यात एकदाच विचारायचं विसरली.

दोन हजार सालच्या आसपासची गोष्ट. वहिनी पन्नाशीला टेकल्या होत्या, पाळी थांबली होती आणि ऐन थंडीत गल्ल्यावर बसून त्या पुठ्ठ्याने वारा घेत होत्या. "माह्या अंगात चूल पेटवून देल्ली कोणी," असं गिऱ्हाइकालाही सांगत. नागपूरच्या भाचसुनेने त्यांना एक विलायती क्रीम आणून दिलं. रानकंदाचं, पूर्ण नैसर्गिक, मनगटाला चोळायचं. आठवडाभरात वहिनींना शांत झोप लागू लागली. आता एवढी झोप लागल्यावर चौकशी कोण करतो? त्यांनी आणखी चार मोठ्या बरण्या मागवल्या, लहान लहान डब्यांत क्रीम भरलं आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाला चाळिशीपुढच्या बायकांना तेच वाण दिलं. मी चाळिशीच्या आत होते, म्हणून मला चहाची गाळणी मिळाली. मी फार रुसले.

त्या बायकांत पुष्पा होती, समोरच्या घरातली. दोन वर्षांपूर्वी तिच्या छातीतली गाठ काढली होती, कॅन्सरची. उपचारांत पाळी गेली आणि तेव्हापासून तिच्या अंगाची रात्ररात्र भट्टी व्हायची. हार्मोनच्या गोळ्या वर्ध्याच्या डॉक्टरीणबाईंनी तिला साफ मना केल्या होत्या. वहिनींनी सगळ्यांच्या देखत तिच्या ओटीत डबी टाकली. "तुले गोळ्या चालत नाई ना? मंग हे लाव. झाडपाल्याचं हाय, याने काई होत नाई."

पंधरा दिवसांनी वहिनी रिकामी बरणी ओवा भरायला म्हणून गरम पाण्यात धूत होत्या. किमतीचं स्टिकर सुटलं. विकणाऱ्याने ते नेमकं घटकांच्या यादीवर चिकटवलं होतं. मी बीएस्सी झालेली, म्हणून ओल्या हातांनी बरणी घेऊन त्या माझ्याकडे आल्या. "वाच. यात काय काय पडलं?"

मी वाचत गेले. पाणी, कोरफड, रानकंदाचा अर्क. मग एक शब्द आला आणि मी थांबले. प्रोजेस्टेरॉन.

"म्हणजे काय?"

"हार्मोन, वहिनी."

त्या माझ्या पायरीवर बसल्या. म्हणाल्या, "पुष्पीच्या हातात मीच देल्ली." लगेच उठल्या, घरी गेल्या, आपली डबी मोरीत रिकामी केली आणि वाण गोळा करायला निघाल्या. मी मागे मागे. असला तमाशा सोडते की काय?

दिलेलं वाण परत मागायचं नसतं, हे वहिनींना कोणी शिकवायला नको होतं. तरी प्रत्येक दारात ते शिकवलं गेलंच. ढोलेकाकू म्हणाल्या, "अवो, वाण परत मागते का कोणी?"

"मी मागून राह्यली ना. आणा."

"थे आमच्या ह्यांनी घेतलं. दाढी केल्यावर लावतात. गाल भल्ले मऊ झाले म्हणतात."

"काई फरक दिसते का त्यांच्यात?"

"काल सिरियल पाहून रडले," काकू गंभीरपणे म्हणाल्या आणि डबी आणून दिली.

संध्याकाळपर्यंत सगळ्या डब्या आल्या. पुष्पाची आली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच दुकानाला कुलूप लावून वहिनी पुष्पाच्या ओसरीत जाऊन बसल्या.

"नाई देत," पुष्पा म्हणाली. "दोन वर्षांनी झोपली मी, वहिनी. तुम्हीच देल्ली, आता तुम्हीच हिसकून राह्यल्या?"

"मी न विचारता देल्ली, म्हणून बसली."

"किती वेळ बसान?"

"कुलूप लावून आली."

दुपारी पुष्पाने रागारागाने ताट आणून ठेवलं. वहिनी जेवल्या. त्या दिवशी भाजीत काय पडलं, हे त्यांनी विचारलं नाही. ताट उचलताना पुष्पा हळूच म्हणाली, "डॉक्टरीणबाई हो म्हणाल्या तर?"

"तर मी सोता तुले आणून देईन. पण पयले विचारू."

ऑटोने आम्ही तिघी वर्ध्याला गेलो. डॉक्टरीणबाईंनी बरणी फिरवून फिरवून वाचली. म्हणाल्या, "हे हार्मोन कंदापासून कारखान्यात तयार करतात. कशापासून केलं, हे शरीर विचारत नाही. पुष्पाताई, तुम्ही हे आजपासून बंद करा. बिनहार्मोनचं औषध आहे, ते सुरू करू. पण त्याला वेळ लागेल." मग वहिनींकडे वळल्या. "तुम्हाला कदाचित चालेल. तपासून ठरवू."

"राहू द्या," वहिनी म्हणाल्या.

घरापाशी उतरलो, वहिनी आपल्या दाराकडे वळल्या, तेव्हा पुष्पा म्हणाली, "थांबा." आत जाऊन हळदीकुंकवाची कोयरी घेऊन आली. वहिनींना कुंकू लावलं आणि त्यांच्या पदरात डबी टाकली. "परत नाई करून राह्यली. वाण देऊन राह्यली."

वहिनींनी पदर कपाळाला लावला.

वहिनींना जाऊन आता काही वर्षं झाली. त्यांचं नाव निघालं की लोक पंगतीतल्या गोष्टी सांगतात, मीही सांगते, दोन जास्तीच्या जोडून. पण मला वर्ध्याहून परतल्यानंतरची पहाट जास्त आठवते. त्या रात्री पुष्पाची चादर परत घामाने भिजली. उजाडायच्या आत तिचं दार वाजलं. बाहेर वहिनी उभ्या, डोळे तारवटलेले, खांद्यावर आपली ओली चादर.

"तुही पण दे," त्या म्हणाल्या. "माह्या दोरीवर जागा हाय."

पुढे कितीतरी महिने मंदावहिनींच्या अंगणात रोज सकाळी दोन चादरी वाळत असायच्या.