ओट्यावर वाचणाऱ्यांची नोंद नसते

शहापूरच्या प्रशिक्षणात मला दोनदा टाळ्या मिळाल्या. पहिल्या टाळ्या मी अजून विसरलेले नाही, आणि दुसऱ्या टाळ्यांची आठवण झाली की आजही मान खाली जाते.

मुरबाडहून माळशेजकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं गाव. तिथल्या सार्वजनिक वाचनालयात मी ग्रंथपाल होते. ग्रंथपाल म्हणजे झाडलोट करणारी, वर्तमानपत्रं दांडीला लावणारी आणि रजिस्टर लिहिणारी, सगळं एकच. दोन हजार सालानंतर कधीतरी वाचनालयाला एका देणगीदाराने संगणक दिला. वर्षभर तो प्लॅस्टिकच्या कव्हरात होता, कारण चालू करायची भीती. मग पत्र आलं की ग्रामीण ग्रंथपालांसाठी शहापूरला पाच दिवसांचं प्रशिक्षण आहे, संगणक आणि नेतृत्व.

मी वयाने सगळ्यांत मोठी. माउस हातात धरला तेव्हा घाम फुटला होता. पण तिसऱ्या दिवशी यादी बनवायला जमलं, आणि पाचव्या दिवशी मीच शेजारच्या दोन मुलींना शिकवत होते. नेतृत्वाच्या तासाला सर म्हणाले की ग्रंथपालाने नुसता सांभाळ करायचा नसतो, निर्णय घ्यायचा असतो. तीन वर्षांत एकदाही न दिलेलं पुस्तक कपाट अडवतं, ते काढा, नव्याला जागा करा. मी उभी राहून म्हटलं, "मी परत गेले की हे पहिलं करणार." पहिल्या टाळ्या त्या.

गावी येऊन मी पावसाळाभर पुस्तकं संगणकात भरली. वीज जायची, मी कंदील लावून वहीत लिहायचे आणि वीज आली की पुन्हा भरायचे. गणपतीनंतर यादी तयार झाली. कोणतं पुस्तक शेवटचं कधी गेलं, ते एका बोटाने दिसायचं. नव्वदच्या आसपास पुस्तकांपुढे रकाना कोरा होता. समितीने ठराव केला, अध्यक्ष म्हणाले, "बाईंना आता सगळं कळतं." मी फुगले. रद्दीवाल्याच्या टेम्पोत गठ्ठे मी स्वतः चढवले. एका जाड कादंबरीतून पळसाचं दुमडलेलं पान पडलं. कचरा म्हणून मी ते झाडूने लोटलं.

ते पान कुणाचं, हे मला ठाऊक होतं. त्या क्षणी आठवलं नाही, एवढंच. आणि ही सबब मी स्वतःलासुद्धा बरेच दिवस देत होते.

आमच्या वाचनालयाची जुनी रीत होती. बाजाराच्या दिवशी सभासद नसलेल्यांनी बाहेरच्या ओट्यावर बसून काहीही वाचावं, घरी न्यायचं नाही. त्याची नोंद होत नसे, कारण रजिस्टर सभासदांचं. डोंगरातल्या वाडीवरची एक बाई दर बाजाराला भाजीची टोपली विकून झाली की ओट्यावर यायची. साक्षरता वर्गात अक्षर ओळखायला शिकली होती. बोट ठेवून वाचायची, ओठ हलवत, तासाला दोन पानं, आणि उठताना खुणेला पळसाचं पान दुमडून घालायची. वयाने माझ्याच बरोबरीची, पण मी तिला 'गो' म्हणायचे आणि ती मला 'तुमी'. दोन वर्षं ती तीच एक जाड कादंबरी वाचत होती. सासर सोडून निघालेल्या एका मुलीची गोष्ट होती. जाताना मला सांगायची, "आज ती होडीत बसली." दुसऱ्या बाजाराला, "आज तिला मावशीनं घरात घेतलं नाय." मी हूं म्हणायचे आणि रजिस्टर लिहायचे. सभासद हो, असं एकदाही म्हटलं नाही. अनामत तिला परवडणार नाही, हे मीच परस्पर ठरवलं होतं.

टेम्पो गेल्यानंतरच्या बाजाराला ती आली. कपाटाशी बराच वेळ उभी राहिली.

"बाय, माजं पुस्तक दिसत नाय."

खरं सांगायला काय हरकत होती? पण दारात अध्यक्ष बसले होते, नवा संगणक चालू होता, आणि मी निर्णय घेणारी ग्रंथपाल होते. म्हटलं, "जुनं झालं होतं, काढलं. दुसरं घे की, कमी आहेत का?"

ती म्हणाली, "थोडंच राहिलं व्हतं. तुमी वाचलंय ना? मंग सांगा, ती परत नांदायला जाते का?"

मी ते पुस्तक वाचलं नव्हतं. कपाटातली निम्मी पुस्तकं मी वाचली नव्हती. ती मात्र धरून चालली होती की ग्रंथपालाने सगळं वाचलेलं असतं. मी म्हटलं, "जाते. सासूला पश्चात्ताप होतो, सगळं गोड होतं."

तिने माझ्याकडे पाहिलं. "नाय," ती म्हणाली, "ती नाय जायची." आणि रिकामी टोपली उचलून गेली. पुन्हा ओट्यावर बसली नाही. रस्त्यापलीकडे भाजी विकायची आणि जीपला उभी राहायची.

पुढच्या वर्षी शहापूरला दुसरं प्रशिक्षण झालं. मी मोकळ्या कपाटांचे फोटो दाखवले, कोरा रकाना कसा शोधायचा ते सांगितलं. दुसऱ्या टाळ्या. जेवणाच्या सुट्टीत तिथल्या वाचनालयाच्या कपाटात तीच कादंबरी दिसली. शेवटची दहा पानं मी उभ्याउभ्या वाचली. मुलगी परत जात नाही. नदीकाठी शाळेत पाणी भरायचं काम धरते आणि तिथेच राहते. जेवण मला गेलं नाही.

वाटलं होतं, येत्या बाजारालाच तिला सांगायचं. रस्ता ओलांडायला वीस पावलं. पण सांगायचं तर खोटं बोलले, हेही सांगावं लागणार. मग मी तिच्याकडून भाजी घ्यायला लागले, घासाघीस न करता, गरज नसताना. ती एकदा हसून म्हणाली, "एवढी शेवळं कोन खातं तुमच्यात?" मीही हसले. असे बाजारामागून बाजार गेले, चार वर्षं गेली.

शेवटी एकदा, पिशवी पुढे धरून, मी म्हटलं, "ती मुलगी परत जात नाही. तू म्हणालीस तसंच आहे. मी वाचलं नव्हतं तेव्हा."

तिचा हात जुडीवरच थांबला. मला वाटलं रागावेल, किंवा हसून सोडून देईल.

"मला ठावं व्हतं," ती म्हणाली. मग जुडी पिशवीत टाकत तिने विचारलं, "तुमाला कधी कळलं?"

मागे गिऱ्हाईक खोळंबलं होतं. निदान या वेळी तरी खरं बोलायचं होतं.

"चार वर्षं झाली," मी म्हटलं.