तिरपी दीर्घिका

लग्नाआधी आम्ही दोघं एकाच संस्थेत, एकाच दीर्घिकेवर काम करत होतो. तो तिच्या ताऱ्यांचा उजेड मोजायचा, मी तिच्यातल्या वायूचा वेग. मी चंद्रपूरजवळच्या ऊर्जानगरची, तो तिथल्याच भद्रावतीचा. संस्थेतल्या पुण्याकडच्या लोकांत माझ्या ‘का’ऐवजी ‘काऊन’ म्हणण्यावर न हसणारा तो एकटाच होता. लग्न ठरायला तेवढं पुरलं.

लग्नानंतर त्याला परदेशात संशोधकाची जागा मिळाली आणि त्याच सुमारास त्याच्या आईला अर्धांगवायू झाला. सासरे कारखान्यातून निवृत्त झालेले, त्यांना कुकरसुद्धा लावता येत नव्हता.

“वर्षभराचा तर प्रश्न आहे,” तो म्हणाला. “तुझं काम लॅपटॉपवरच आहे. कुठी बी बसून होते.”

मी भद्रावतीला आले. सासूबाईंची कूस बदलायची, पाठीला पावडर लावायची आणि त्यांचा डोळा लागला की त्याच खोलीत बसून दीर्घिकेची कडी, म्हणजे तिच्यातल्या वायूची एकात एक वर्तुळं, मोजायची. आपल्याकडे येणाऱ्या बाजूच्या वायूतून निघालेल्या रेडिओ लहरी आखडतात, दूर जाणाऱ्या बाजूच्या लांबतात. त्यावरून वेग काढायचा. पण ती दीर्घिका आपल्याला तिरपी दिसते, त्यामुळे तिचा सगळा वेग आपल्याला दिसत नाही, थोडाच दिसतो. किती तिरपी आहे ते कळल्याशिवाय खरा वेग निघत नाही. त्यातून हिची कड वाकलेली. प्रत्येक कड्याचा तिरपेपणा वेगळा. संगणक सरसकट एकच उत्तर द्यायचा आणि ते चुकायचं. मी एकेक कडं हातानं जुळवत बसले. वर्षाची वर्षं झाली, माझा प्रबंध अर्धाच राहिला. “आकडे पाठव, मी लिहून काढतो,” असं तो म्हणाला, तेव्हा मी पाठवले. छापून आलेल्या शोधनिबंधात माझं नाव तिसरं होतं.

एका हिवाळ्यात तो आला, तेव्हा चंद्रपूरच्या एका कॉलेजनं त्याचा सत्कार ठेवला. सासूबाईंपाशी शेजारच्या बाईंना बसवून मी आणि सासरे गेलो. तो छान बोलला. लहरींचं समजावताना त्यानं कोळशाच्या मालगाडीच्या भोंग्याचं उदाहरण दिलं: येताना बारीक, जाताना जाड. ते उदाहरण माझं होतं, सासऱ्यांना समजावताना सुचलेलं. मग पडद्यावर माझा आलेख आला. बाहेरच्या कड्यांचा वेग कमी होतच नाही, म्हणजे तिथं न दिसणारं काहीतरी जड आहे, हे त्यानं सांगितलं. टाळ्या पडल्या.

मागून एक मुलगी उठली. “सर, दीर्घिका तिरपी आहे म्हणता. मग किती तिरपी, हे कसं काढलं?”

“सॉफ्टवेअर असते ना त्याले,” तो हसून म्हणाला. “आकडे टाकले की निघते.”

मी कधी उभी राहिले, मला कळलं नाही. “नाही निघत,” मी म्हणाले. गोल ताट तिरपं धरलं की लांबट दिसतं, त्या लांबटपणावरून तिरपेपणा काढतात. पण हिची कड वाकलेली आहे, म्हणून एकेक कडं वेगळं जुळवावं लागलं, असं मी सांगितलं. मुलगी भराभर मान हलवत होती.

“अरे वा!” प्राचार्य माइकवर म्हणाले. “वहिनींचाही अभ्यास दिसतो!”

त्याला शाल आणि स्मृतिचिन्ह मिळालं. मला प्राचार्यांच्या पत्नीनं खण-नारळ दिला.

परतताना गाडीत सासरे पुढे ड्रायव्हरशेजारी बसले होते, आम्ही दोघं मागे. तो हळूच म्हणाला, “तुले बोलायचं होतं तर मले आधी सांगायचं.”

“तू मले विचारलं होतं?”

“सर्वांसमोर कसं दिसलं ते?”

“मले माझी मोजणी माझ्या नावावर परत पाहिजे,” मी म्हणाले. “सगळी. मले प्रबंध पुरा करायचा आहे.”

तो खिडकीबाहेर पाहू लागला. “ते काम मी तिकडच्या एका विद्यार्थिनीले तिच्या प्रबंधासाठी देऊन टाकलं. तू करून नाई राह्यली, असं वाटलं मले.”

सासऱ्यांनी मागे वळून विचारलं, “काय झालं?”

“काई नाई, बाबा,” तो म्हणाला.

सासूबाई गेल्यावर मी एका संशोधन संस्थेत मुलाखत दिली. समोरच्या बाईंनी विचारलं, “मधली वर्षं कुठे होतात?”

“भद्रावतीला.”

“तिथे कोणती संस्था आहे?”

“घर.”

कोणी हसलं नाही. कोणी काही लिहूनही घेतलं नाही.

नकार आला तेव्हा मी त्याला फोन केला. “पुढच्या वेळी होऊन जाईल,” तो म्हणाला.

“वयाची मर्यादा संपली माझी. तुले माहीत आहे.”

“हो, ते आहेच,” तो म्हणाला, आणि त्याला मीटिंग होती.

आता मी गडचिरोलीला खोली घेऊन राहते. एका कॉलेजात तासिका तत्त्वावर भौतिकशास्त्र शिकवते. तो दर हिवाळ्यात भद्रावतीला येतो. मी जात नाही. आमच्या पुस्तकात दीर्घिकांना एक पान दिलं आहे. ते परीक्षेला येत नाही, म्हणून मुलं उलटून पुढे जातात. मी त्यांना थांबवत नाही.