टिटवीच्या अंड्यांपुढे दीड तास

मुलाने नवा कॅमेरा घेतला आणि जुना माझ्याकडे आला, तेव्हा मी पन्नाशीला टेकले होते. दर रविवारी नांदेडहून विष्णुपुरीच्या पाण्यावर जायचे आणि घरी येऊन पडद्यावर ठिपके बघत बसायचे. हा बगळा, हा पाणकावळा, असं मलाच सांगावं लागे. नवरा विचारायचा, हा लेन्सवरचा डाग तर नाही ना? मी हसण्यावारी न्यायचे, पण लागायचंच. ऑफिसात पंचवीस वर्षांत माझ्या टिपणीत कुणाला चूक सापडली नव्हती आणि इथे एक पाखरू धड टिपता येत नव्हतं. मोबाइलवरच्या पक्षीवाल्यांच्या गटात लोक डोळ्यातली चमक दिसेल असे फोटो टाकत. मला तसा एक फोटो हवा होता. एकच, पण हवाच होता.

मे महिन्यात रेणापूरजवळच्या आमच्या गावी वाळवणाला गेले, तेव्हा तो मिळेलसं वाटलं. तिथलं शेत माझ्या थोरल्या जाऊबाई बघतात. दीर नावाला मालक. जाऊबाईंना सगळे अक्का म्हणतात. ट्रॅक्टरवाला नांगरायला आला तेव्हा रानाच्या मधोमध टिटवीची चार अंडी दिसली, म्हणून अक्कांनी खाटेएवढी जागा सोडायला लावली. तो कुरकुरला, तशा म्हणाल्या, "एवढ्याशा जागंनं तुझं काय अडून राहिलं? फिरव तिकडून." सगळं रान उलथलेलं आणि मध्ये तेवढा तुकडा तसाच होता. आमच्याकडे बरेच जण अशी जागा सोडतात, त्याचं कुणाला विशेष वाटत नाही.

फोटोला सकाळचं ऊन चांगलं, हे मला माहीत होतं. पण सकाळ गेली कुरडयांचा चीक शिजवण्यात आणि सोऱ्या फिरवण्यात. अकराच्या पुढे धोतरावर शेवटची कुरडई पडली आणि मी कॅमेरा उचलला.

"आत्ता? ह्या उन्हात?" अक्का म्हणाल्या. "पाच वाजता जा की."

"पाचला माझी गाडी आहे, अक्का."

त्यांनी डोक्याला बांधायला पंचा दिला. "तिला लई उठवू नको. बसून राहिली बिचारी."

लपून बसल्याशिवाय पक्षी जवळ येत नाही, असं गटात वाचलं होतं. म्हणून अक्कांची एक जुनी साडी नेली आणि अंड्यांपासून दहा पावलांवर चार काठ्या रोवून ती त्यांना गुंडाळली. आत बसले. वारा आला की साडी फडफडायची. टिटवी केव्हाच उठून गेली होती आणि माझ्या डोक्यावर घिरट्या घालत ओरडत होती. थोड्या वेळाने ती विहिरीच्या हौदावर गेली, पोटाची पिसं भिजवून आली आणि बांधावर उभी राहिली. मला वाटलं, आंघोळ करून आली, म्हणजे हिला फारशी घाई दिसत नाही.

अर्धा तास गेला, मग तास. मला राग यायला लागला, आणि तोही तिचाच. मी काय तुला खाते की काय, असं चक्क मोठ्याने म्हणाले. फोटोत आडवी येईल अशी एक वाळकी काडी अंड्यांपुढे होती, ती काढायला बाहेर आले. काढताना बोट अंड्याला लागलं आणि चटका बसला. मी हात झटकला. खडे तापलेत तशी अंडीही तापणारच, असं स्वतःला बजावलं आणि पुन्हा साडीच्या आत जाऊन बसले.

दीड तासाने हरून काठ्यांवरची साडी सोडली आणि लांब बांधाआड जाऊन पालथी पडले. ती लगेच आली. बसली नाही, अंड्यांवर नुसती उभी राहिली, पंख जरा पसरून, चोच उघडी ठेवून, तिची सावली बरोबर अंड्यांवर पडेल अशी. मी बटण दाबत राहिले. डोळ्यातली चमक आली.

गटात दोन दिवस त्या फोटोचं कौतुक चाललं. कुणी लिहिलं, आईची माया. मी ऑफिसात टेबलाखाली मोबाइल धरून तेच तेच पुन्हा वाचत होते, त्याची आजही लाज वाटते. मग गटातल्या एका वयस्कर गृहस्थांनी मला वेगळं लिहून विचारलं की फोटो किती वाजता काढला आणि पक्षी किती वेळ अंड्यांपासून दूर होता. मी खरं तेच लिहिलं. त्यांनी कळवलं की मेच्या दुपारी इतका वेळ उघडी राहिलेली अंडी वाचत नाहीत. टिटवी पोट भिजवून येते ती अंड्यांना ओल द्यायला. ते रागावले नव्हते. रागावले असते तर मी भांडले असते.

फोटो मी काढून टाकला. अक्कांना मात्र काही बोलले नाही. फोनवर त्या आपणहून सांगायच्या, "अजून बसून राहिली." जून उजाडला. शेजारच्या रानातल्या टिटवीची पिलं पळायला लागली. पेरणी तोंडावर आली, तशी दीर म्हणू लागले की तेवढी जागाही मोडून टाकू. अक्का हटल्या नाहीत. "एखादीला वेळ लागतो, न्हाई का गं?" त्यांनी मला विचारलं. मी म्हणाले, "लागत असेल." फोन ठेवला आणि मला रडू आलं. अंडी माझ्या अडाणीपणाने गेली होती, पण अक्कांपासून हे मी जाणूनबुजून लपवलं होतं.

त्या रविवारी कॅमेरा न घेता गावी गेले. अक्का शेतात होत्या. बांधावर त्यांच्याशेजारी बसले आणि सगळं सांगितलं, चटक्याचंही. बोलणी खायची तयारी होती. खरं तर त्यांनी बोलावं असं फार वाटत होतं. समोर टिटवी उठली, चोचीने एकेक अंडं फिरवलं, पिसं फुलवून त्यांच्यावर पुन्हा नीट बसली.

"मला सांगितलंस, बरं केलंस," अक्का म्हणाल्या. "आता तिला कोण सांगंल?"