बाईंची लवंग

चार वर्षांपूर्वी मी भरसभेत एका पोरीचं भाषण हिसकावून पुरं केलं. साठी उलटली होती, पण वर्गात पुढंपुढं करायची माझी खोड काही गेली नव्हती.

आमच्या पेठेत पोरापोरींचं नेतृत्व शिबिर घेणाऱ्या एक बाई आहेत. काहीही विचारा, त्या म्हणणार, “तुला काय वाटतंय?” बोलताना एखादं पोर अडलं की त्या तोंडात लवंग धरतात, आपल्याच जिभेला आवर म्हणून. मला वाटायचं, शिकवायचा कंटाळा, दुसरं काय!

त्या दिवशी नववीतली एक पोरगी तालीम मंडळाकडं पोरींसाठी संध्याकाळी तासभर मैदान मागायला उभी राहिली. दोन वाक्यांतच अडली. बाईंनी पिशवीतून लवंग काढून तोंडात धरली. मी मात्र उठून ठणकावलं, “पोरींनी बी खेळावं की! द्या मैदान!”

टाळ्या पडल्या. अध्यक्ष ‘दिलं’ म्हणणार, तोच बाई उठल्या.

“थांबा. तिचं बोलून झालेलं न्हाय.”

हातात आलेलं मैदान त्यांनी पणाला लावलं होतं. पोरगी बराच वेळ तशीच उभी होती.

“खेळायला न्हवं,” ती म्हणाली. “क्लासहून येणाऱ्या बारक्या पोरी अंधारात या मैदानाजवळच्या वाटेनं भ्यात्यात. आम्ही हितं असलो की त्यास्नी सोबत हुईल.”

या वेळी टाळी वाजली नाही. अध्यक्षांनी उठून मैदानाच्या फाटकाची किल्ली तिच्या हातात दिली.

बाहेर आल्यावर मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, “आजी, फुडल्या वक्ताला मी अडले तर नुसतं माझ्याकडं बघत बसा. तेवढं बास हाय.”