हळू आवाजाला चालणारा हेडसेट

थायरॉइडच्या ऑपरेशननंतर माझा आवाज बसला तो बसलाच. डॉक्टर म्हणाले, नस दुखावली आहे, थोडा थोडा येईल, पण पूर्वीसारखा येईलच असं काही सांगता येत नाही. पूर्वीसारखा म्हणजे कसा, हे त्यांना काय ठाऊक. जन्मभर मी शाळेत गणित शिकवलं. शेवटच्या बाकावर डुलक्या काढणारं कार्टं माझ्या नुसत्या ‘हां’ने सरळ बसायचं. आता माझ्या गळ्यातून जे निघत होतं त्याने घरातली मांजरसुद्धा हलली नसती.

निवृत्तीनंतर एका ऑनलाइन क्लासची दहावीची बॅच मी घेत होते. कोलार रोडवरच्या आमच्या फ्लॅटमध्ये, जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून. ती बॅच हा माझा जीव होता. ती गेली असती तर मी दुपारी झोपणारी आणि संध्याकाळी सोसायटीच्या बाकावर बसून गुडघ्यांबद्दल बोलणारी बाई झाले असते, आणि ते मला बिलकुल मंजूर नव्हतं. पण ऑपरेशननंतरच्या पहिल्याच तासापासून मुलांचं एकच पालुपद. ‘मॅम, आवाज़ नहीं आ रही.’ लॅपटॉपच्या आत जो माइक असतो तो मला दादच देईना. मग क्लासच्या संयोजकांचा फोन आला. फार गोड बोलतात ते. म्हणाले, मॅडम, आप आराम कीजिए, पालकांच्या तक्रारी येताहेत, सोमवारचा तास मी स्वतः ऐकतो, तोवर काही झालं नाही तर बॅच दुसऱ्या सरांकडे देऊ. आराम कीजिए म्हणे. माझं डोकंच फिरलं.

आमचे हे सरकारी कारखान्यातून इंजिनीयर म्हणून निवृत्त झालेले. त्यांना वस्तू घ्यायची म्हणजे सगळ्यांत भारी घ्यायची, हा एकच नियम माहीत. आमच्या इमारतीच्या मागे नवीन टॉवर उठतोय, दिवसभर ड्रिलची घरघर. म्हणून त्यांनी बाहेरचा गोंगाट काढून टाकणारा हेडसेट ऑनलाइन मागवला. चांगला गुबगुबीत, काळा, चार्ज करायचा. मी तो घातला, हे आतल्या खोलीत फोन घेऊन बसले, आणि मी टेबलावरून पायथागोरस सांगितला.

“स्वच्छ ऐकू येतंय,” हे म्हणाले. “एकदम क्लिअर.”

दुसऱ्या दिवशी तासाला मुलं म्हणाली, मॅम, आप म्यूट पर हैं.

मी म्यूटवर नव्हते. तास कसाबसा स्क्रीनवरच्या फळ्यावर लिहून पूर्ण केला आणि मग स्वतःचंच बोलणं लॅपटॉपवर रेकॉर्ड करून ऐकलं. ड्रिल गायब होतं. कुकरची शिट्टी गायब होती. आणि त्यांच्याबरोबर मीही गायब होते. मध्येच एखादा शब्द यायचा, पुन्हा सामसूम. त्या शहाण्या यंत्राने माझा आवाजही गोंगाटातच धरला होता आणि पुसून टाकला होता. मला इतका अपमान वाटला की मी तो हेडसेट काढून सोफ्यावर भिरकावला.

“पण मला तर ऐकू आलं होतं,” हे म्हणाले, आणि ते खोटं बोलत नव्हते. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ऑपरेशन झाल्यापासून या माणसाने मला ऐकणं सोडून दिलं होतं. मी ‘च’ म्हटलं की चहाचं आधण चढायचं. मी नुसतं वर बघितलं की पंखा कमी व्हायचा. इतक्या वर्षांच्या संसारात मी पुढे काय म्हणणार ते त्यांना पाठ आहे, आणि पायथागोरस तर इंजिनीयरला पाठच असतो. मायेच्या माणसाकडून माइक तपासून घेणं म्हणजे आईला लेकराच्या स्वयंपाकाचे मार्क द्यायला बसवणं. मला असं माणूस हवं होतं, जे माझं एकही वाक्य आपल्या पदरचं घालून पुरं करणार नाही.

असं माणूस नात्यातच होतं. माझी मोठी नणंद, आमच्या ताई, नेहरू नगरला राहतात.

रविवारी मी लॅपटॉप पिशवीत घातला आणि यांना घेऊन हबीबगंज स्टेशनकडच्या एका दुकानात गेले. दुकानदाराने मला बसवलं आणि काही विचारायच्या आत माझ्या कानांवर एक हेडसेट चढवून गाणं लावलं. “मैडम, बेस सुनिए.” पुढचा चढवला, पुन्हा तेच गाणं. मी तो काढून काउंटरवर ठेवला आणि त्याच्या अगदी जवळ वाकून म्हटलं, “भैया, मुझे सुनना नहीं है. सुनाना है.” माझ्या कानात काय येतं याच्याशी मला काय देणंघेणं. पलीकडे काय जातं ते बघायचं होतं. पण आख्ख्या दुकानात त्याची सोय नव्हती, कारण तसं कुणी मागतच नाही. सगळे आपापल्या कानांचे लाड करून घरी जातात.

मी दुकानाच्या वायफायवर लॅपटॉप जोडला आणि ताईंना व्हिडिओ कॉल लावला. हे माझ्याशेजारी उभे होते. “तिला काय बोलणार आहेस?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, बघा तुम्ही.

पहिला हेडसेट लावून मी, आहे त्या आवाजात, म्हटलं, “ताई, तुमच्या पोळीत पुरण कमी असतं.”

“काय?” ताई म्हणाल्या. “काही समजत नाहीये. तू आहेस का तिथे?”

यांनी कपाळाला हात लावला. ताईंच्या पुरणपोळीला आमच्या खानदानात आजवर कुणी नाव ठेवलेलं नाही. माझी सासूसुद्धा त्या वाटेला गेली नव्हती. मी दुसरा हेडसेट लावला आणि तेच वाक्य पुन्हा म्हटलं. ताई प्रेमाने म्हणाल्या, “अगं, राहू दे, गळ्याला ताण नको देऊ.” म्हणजे तोही बाद.

मग मला खालच्या कप्प्यात एक दिसला. साधा, वायरचा, गालावरून पुढे येणारी दांडी आणि तिच्या टोकाला स्पंजची टोपी. गोंगाट काढणं वगैरे त्याला काही येत नव्हतं. दुकानदार नाक मुरडून म्हणाला, ये तो कॉल सेंटर वाला है मैडम, आपको शोभा नहीं देगा. मी म्हटलं, शोभेचं मी बघते. दांडी वाकवून ती टोपी अगदी ओठांच्या कोपऱ्याशी आणली. बाहेर बस हॉर्न वाजवत होती. मी आवाज जराही चढवला नाही. “ताई, तुमच्या पोळीत पुरण कमी असतं.”

मग स्क्रीनवर ताईंचा चेहरा मोठा होत होत सगळा चष्माच दिसायला लागला.

“कमी? माझ्या पोळीत? आणि तुझ्या पोळ्या काय, नुसत्या कणकेच्या चकत्या. गेल्या होळीला कुणी खाल्ल्या होत्या तुझ्या, सांग बरं. आणि हा कुठे आहे माझा भाऊ, त्याला दे.”

मला हसू फुटलं, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. किती दिवसांनी माझ्याशी कुणीतरी कडकडून भांडत होतं. ऑपरेशनपासून सगळे मला कापसात ठेवल्यासारखे वागत होते. मी दुकानदाराला म्हटलं, यही पैक कर दो. यांना पुढची पंधरा मिनिटं बहिणीची समजूत काढत फुटपाथवर उभं राहावं लागलं, आणि मी शेजारी मजेत लिंबाची शिकंजी पीत होते.

सोमवारी मी दांडी ओठांशी आणून बसले. संयोजक स्वतःचा कॅमेरा बंद करून तासाला बसलेले होते, नाव दिसत होतं. मी वर्गसमीकरण काढलं आणि बोलायला लागले. कुणी काही म्हणेना. दोन गणितं झाली तरी कुणी काही म्हणेना, आणि मला भीती वाटायला लागली की पोरांनी कंटाळून तक्रार करणंच सोडलं की काय. तेवढ्यात खालच्या चौकोनातला एक मुलगा मान खाली घालून मोबाइल खेळताना दिसला. माझं टाळकं सरकलं. मी त्याला सुनावलं. याच आवाजात, पण मनापासून. बीजगणितापासून सुरुवात केली आणि त्याच्या एकंदर भविष्यापर्यंत गेले.

त्याचा मोबाइल खाली पडल्याचा आवाज मला इकडे ऐकू आला. तो ताडकन सरळ झाला, मागे वळून कुणाकडे तरी बघितलं आणि रडवेल्या तोंडाने म्हणाला, “मॅम, प्लीज़ थोड़ा धीरे. स्पीकर पर है, पूरा घर सुन रहा है.”

मी मुळीच धीरे केलं नाही.