टँकरचा नियम

भुकूमच्या आमच्या सोसायटीत एक संगणकवाला गृहस्थ आहे. चष्मा कायम कपाळावर. "कसं करायचं ते सांगायचंच नसतं. काय हवं त्याचे नियम लिहायचे, उत्तर मशीन शोधतं," हे तो वॉचमनलाही ऐकवतो.

परवा त्यानं असेच नियम लिहून पाण्याचं वेळापत्रक काढलं: टँकर एक, इमारती सात, सकाळी ओळीनं.

ड्रायव्हरनं कागद वाचला. "सायेब, दोन बिल्डिंगीतच टँकर रिकामा हुतोय. परत भराया कवा जायाचं?"

"हे मला आधी कुणीतरी सांगायला हवं होतं," गृहस्थ म्हणाला. मग चष्मा डोळ्यांवर घेऊन त्यानं नवा नियम लिहिला: टँकर रिकामा होतो.

आम्ही रिकाम्या बादल्या घेऊन त्याच्या मागेच उभे होतो.