वाइनोची हलकी गोळी

वाइनो हापालाने आयुष्यभर सरकारी नांगर चालवला. शेतातला नव्हे, रस्त्यावरचं बर्फ लोटणारा. अमेरिकेतल्या सुपीरियर सरोवरावरून वादळ आलं की अख्खा तालुका गोधडीत आणि वाइनो रस्त्यावर. असल्या माणसाला कोणी भित्रा म्हणेल का? पण गेलं वर्षभर तो मनातल्या मनात स्वतःला तेच म्हणत होता.

कारण गेल्या नोव्हेंबरातलं ते हरीण. भर उजेडात, सरळ समोर उभं असलेलं. वाइनोने गोळी झाडली ती पोटात लागली. दिवसभर रक्ताच्या मागावर फिरला, मग बर्फ पडायला लागलं आणि माग बुजला. चार दिवसांनी कावळे दिसले तेव्हा कळलं कुठे पडलं होतं ते. पोटात गोळी लागलेलं जनावर लवकर मरत नाही, हे तिथल्या शाळकरी पोरालाही माहीत असतं. वाइनोने कोणाला काही सांगितलं नाही. फक्त ठरवून टाकलं, की पुन्हा एकदा असं झालं तर बंदूक पुतण्याला देऊन टाकायची आणि पंधरा नोव्हेंबरला, शिकारीचा हंगाम उघडतो आणि सगळं गाव रानात असतं तेव्हा, बायकांबरोबर चर्चमध्ये कॉफी ओतत बसायचं.

बायकोला, म्हणजे इर्माला, सांगायची गरजच पडली नाही. सप्टेंबरात ती त्याला, सगळं गाव नेमाचा सराव करतं त्या खडीच्या खाणीत घेऊन गेली. "तू तिकडे तोंड कर, बंदूक मी भरते," म्हणाली. त्याने लक्ष्यावर नेम धरला, चाप ओढला. नुसता खट् आवाज झाला. नळी तिने रिकामीच ठेवली होती. तरी बंदुकीच्या तोंडाने खाली गचका खाल्लेला दोघांनी पाहिला.

"बघितलंस?" इर्मा म्हणाली. "धक्का नाही, आवाज नाही, तरी तू डोळे मिटलेस."

"खांद्याचं ऑपरेशन झाल्यापासून जरा..."

"खांद्याला काय झालंय ते मला माहितेय, रोज तेल मीच चोळते. ती एकशेऐंशीची गाढवलाथ सोड आता. दीडशेची घे."

हे बोलायला सोपं होतं. एकशेऐंशी ग्रेन वजनाची गोळी म्हणजे इर्माच्या माहेरचा कुलाचार. तिच्या बापाने रानात शिकारीचा कॅम्प बांधला तेव्हापासून पेल्टो घराण्यात दुसरी गोळी कोणी वापरली नव्हती. जड गोळी झुडपातून वाकत नाही, सरळ जाते, असं म्हातारा म्हणायचा, आणि तो गेल्यावर त्याचा मुलगा रुडी त्याच्यापेक्षा मोठ्याने म्हणायला लागला. दीडशेची गोळी पोरीबाळींची. वाइनो ताकाला जाऊन भांडं लपवणाऱ्यासारखा दूरच्या गावच्या दुकानात गेला आणि हलक्या गोळ्यांचा खोका घेऊन आला. बंदुकीवरची नेमाची दुर्बीण त्या गोळ्यांप्रमाणे नव्याने जुळवली. इर्मा कधी नळी भरायची, कधी रिकामी ठेवायची. पानं गळेपर्यंत गचका जवळजवळ गेला होता. जवळजवळच.

पंधरा तारखेला कॅम्पच्या ओट्यावर रुडीने रिवाजाप्रमाणे बापाचा पत्र्याचा डबा उघडला आणि जावयाच्या तळहातावर काडतुसं ठेवली.

"घ्या, जावईबापू. यंदा निदान हरणाला लागू देत, झाडाला नको!"

सगळे हसले. वाइनोही हसला. रुडी समोर उभा, मग करणार काय? काडतुसं कोटाच्या खिशात टाकली. त्याच खिशात त्याची हलकीही होती.

नीट उजाडायच्या आत तो मचाणावर चढला. म्हाताऱ्याचा जुना मचाण, देवदारांच्या दलदलीच्या कडेला. बोटं इतकी बधिर झाली होती की ती आपली आहेत की शेजाऱ्याची ते कळेना. हलक्या गोळीचं टोक अणकुचीदार, जडीचं बोथट. चाचपून चाचपून त्याने खिशातल्या सगळ्या टोकदार निवडल्या, बंदूक भरली आणि बगलेत हात घालून बसला.

उजेड वर आला आणि नर आला. रुंद शिंगांचा, नाक जमिनीला लावून, घाई नसलेला. वाइनोने ऊब मिळावी म्हणून हात सवयीने खिशात घातला, आणि बोटांना टोक लागलं. अणकुचीदार. आता बोटांत जीव आला होता, चूक होणं शक्य नव्हतं. जी नळीत असायला हवी ती खिशात होती.

मग नळीत काय आहे?

 जड असेल तर दुर्बीण तिच्यासाठी जुळवलेलीच नाही, नेम चुकणार. आणि तो धक्का खांद्याला आठवत होता. चाप ओढायच्या आधीच पापण्या जड झाल्यासारख्या वाटल्या. नळीमागची खीळ, तो बोल्ट, उघडून बघावं तर या शांततेत आवाज होणार आणि नर पसार. न बघता मारावं तर पुन्हा कावळे.

नर अगदी आडवा उभा राहिला. असा मोका दहा वर्षांत येत नाही.

वाइनोने बोल्ट उघडला.

खडाक् झालं. नराने मान वर केली. काडतूस मचाणाच्या फळीवर पडलं. बोथट टोक.  त्याने खिशातलं टोकदार काडतूस डोळ्यांसमोर धरून पाहिलं, वरून दाबलं, बोल्ट बंद केला. तोवर नर झुडपांच्या जाळीमागे गेला होता. खांदा फांद्यांतून दिसत होता. पेल्टोंच्या शास्त्राप्रमाणे हीच जड गोळीची वेळ. वाइनोने चाप ओढला नाही. थांबला. श्वास धरून धरून छाती दुखायला लागली.

मग नर दोन पावलं पुढे आला आणि बंदूक वाजली.

नर उसळला आणि दलदलीत घुसला. देवदारांनी त्याला गिळून टाकलं.

आवाज ऐकून रुडी आला. फळीवरचं जड काडतूस त्याला आधी दिसलं आणि वाइनोचा चेहरा मागाहून.

"हे इथे कसं? मग तू मारलीस कोणती?"

"दीडशेची."

"दीडशेची? अरे, चिमण्या मारायच्या होत्या का? खांद्याच्या हाडावर वरच्यावरच फुटली असेल ती, आत गेलीच नसेल! आता तो तिकडे तडफडत पडणार आणि आपण..." पुढचं रुडीने गिळलं. गिळलेलं काय होतं ते वाइनोला नीट ऐकू आलं.

जनावराला पडायला वेळ द्यावा म्हणून दोघे थांबले. रुडीने थर्मासमधली कॉफी पुढे केली, वाइनोने ती तशीच परत केली. मग ते माग काढायला निघाले. नर उभा होता तिथे नुसत्या खुरांच्या खुणा. पुढे पुन्हा खुणा. रक्ताचा थेंब नाही. वाइनोच्या डोळ्यांपुढे कावळे यायला लागले. पुढच्या वर्षी चर्चमध्ये कुठल्या टेबलाशी उभं राहायचं हेसुद्धा त्याने ठरवून टाकलं.

"इथे बघ," रुडी म्हणाला.

केसांचा पुंजका. मग लाल शिंतोडे, मग पट्टाच. पडलेल्या देवदाराच्या पलीकडे नर होता. डोळे उघडे, मेलेला. गोळी खांद्यामागून छातीत गेली होती. तो धावला तेवढाच काय तो जगला होता.

वाइनो बर्फातच बसला आणि रडायला लागला. त्याला लाज वाटली नाही. रुडी पाइन झाडांकडे बघत राहिला.

"गेल्या वर्षी मी डोळे मिटून मारलं होतं, रुडी," वाइनो म्हणाला. "धक्क्याला भिऊन. मला बोलायचा धीर झाला नाही."

"माहितेय."

"इर्मा बोलली?"

"तिला कशाला बोलायला हवं? खाणीत नेम धरताना तुझे डोळे सगळ्यांना दिसतात. तुला सोडून." रुडीने टोपी काढून पुन्हा घातली. "म्हणून तर यंदा तुला बाबांचा मचाण दिला."

"का?"

"तिकडे हरीण फिरकतच नाही. बाबा तिथे झोपायला जायचे."

वाइनोला असा संताप आला की उठून त्याच्या कानाखाली वाजवावी. आणि मग कळलं, की रुडीच्या जागी आपण असतो तर आपणही हेच केलं असतं, तेही न बोलता. ते जास्त लागलं.

त्याने बाहीला नाक पुसलं आणि उभा राहिला.

"पुढच्या वर्षी हरणं फिरकतात तो ओढ्याकाठचा मचाण मला हवा."

रुडीने एकदा मेलेल्या नराकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे.

"तो माझा आहे," तो म्हणाला. मग नर ओढायची दोरी सोडवत म्हणाला, "घे."